ती परत गेली, अक्का

पत्र:

"माझं वय 41. सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. चौदा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. आठ वर्षांपूर्वी दोन पोरं घेऊन बाहेर पडले. आधी विड्या वळायचे, आता शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर असते. मी कशी सुटले ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक, म्हणून बायका माझ्याकडे येतात. कुणाला पोलीस ठाण्यात सोबत हवी असते, कुणाला सिव्हिलमध्ये, कुणाला नुसतं बसून रडायचं असतं. सगळ्या मला अक्का म्हणतात.

चार महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीतली तेवीस वर्षांची पोरगी रात्री अकराला कडेवर बाळ घेऊन दारात आली. ओठ फुटलेला, गळ्यावर बोटांचे वळ. तिला अकरा दिवस माझ्याकडे ठेवलं. साडी घेतली, माझा जुना मोबाईल दिला, माझ्याच कारखान्यात कामाला लावायचं ठरवलं. तक्रार द्यायला ठाण्यात मीच घेऊन गेले. बाराव्या दिवशी तिची आई आणि मामा आले, बैठक झाली. नवऱ्याने कागदावर लिहून दिलं की परत हात उचलणार नाही, आणि ती गेली. आता नळावर समोर आली तरी बघत नाही. तिचा नवरा पिऊन माझ्या दारात आला. 'माझं घर फोडलंस, बघून घेतो,' म्हणाला. माझा सतरा वर्षांचा पोरगा म्हणतो, 'आई, हे सगळं बंद कर.' रात्री मोटरसायकलचा आवाज आला की मी उठून बसते. आठ वर्षांत असं झालं नव्हतं.

माझं काय चुकलं? हे सोडून देऊ का? की एखादी संस्था काढून नीट करू?"

उत्तर:

अक्का,

गल्लीतल्या मुली म्हणतात तेच मीही म्हणते. वयाने मी तुमच्याहून वीसएक वर्षांनी मोठी असेन, तरी चालेल.

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी पत्रातल्या एका तपशिलाबद्दल बोलायला हवं. तो वाचून मी पत्र थोडा वेळ खाली ठेवलं होतं. गळ्यावर बोटांचे वळ. फुटलेल्या ओठाच्या जोडीने तुम्ही ते एका ओळीत लिहून टाकलंत. या कामात वर्षानुवर्षं असलेल्या कुणालाही विचारा, मारहाणीच्या सगळ्या खुणांमध्ये ही खूण बघून त्यांच्या पोटात गोळा येतो. बायकोचा गळा एकदा आवळलेला माणूस पुढे कधीतरी तिचा जीव घेईल, ही शक्यता इतर मारकुट्या नवऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. शिवाय गळ्याची इजा बाहेर दिसते त्याहून आत जास्त असू शकते. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोकं ठणकतं, चक्कर येते, डोळ्यांत लाल ठिपके दिसतात, आणि कधीकधी हा त्रास दोन-चार दिवसांनी सुरू होतो. म्हणून अशा वेळी उजाडायची वाट न बघता सिव्हिल गाठायचं. डॉक्टरांना "पडले" असं सांगायचं नाही, "नवऱ्याने गळा दाबला" असं स्पष्ट सांगायचं. ते केसपेपरवर लिहिलं जातं आणि तो कागद पुढे फार कामाला येतो. तुम्ही तिला तेव्हा दवाखान्यात नेलं होतं का, पत्रावरून कळत नाही. नेलं असेल तर तो केसपेपर कुणाकडे आहे ते आठवा.

हे आधी सांगितलं, कारण ती परत गेली म्हणजे प्रकरण मिटलं असं तुम्ही समजू नये. ती पोरगी आजही धोक्यात आहे. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की आपल्या देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्के बायका कुणाकडे तरी मदत मागतात. ही पोरगी त्यांच्यातली एक, आणि तिने मदत मागितली ती तुमच्या दारात. त्यामुळे "सोडून देऊ का" या प्रश्नाचं माझं उत्तर "नाही" असं आहे. पण आत्ता जसं चाललंय तसंच चालू ठेवा, असंही मी म्हणणार नाही.

आता तुमचं काय चुकलं ते बघू.

ती परत गेली यात तुमची चूक नाही. चौदा वर्षांत तुम्ही स्वतः किती वेळा परत गेला होतात, अक्का? पत्रात ते लिहिलेलं नाही, पण तुम्ही एकदाच उंबरा ओलांडलात आणि सुटलात असं मला वाटत नाही. बहुतेक बायका जातात, येतात, पुन्हा जातात. कडेवरच्या बाळाला बाप हवा असं वाटतं, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल अशी भीती असते, आई पायाशी बसून रडते. तुमच्या भागात नात्यातच मुलगी देण्याची रीत अजून आहे. तिचं लग्न तसं झालेलं असेल तर तिला सासर सोडताना माहेरही सोडावं लागतं, कारण दोन्ही एकच. आणि या सगळ्याच्या वर एक आशा असते की हा माणूस सुधारेल. त्या आशेला वेडी म्हणू नका. तिने त्याला चांगल्या दिवशीही बघितलेलं आहे, आपण फक्त त्याने काढलेले वळ बघितले.

तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र दुसरंच काही दिसलं. त्या अकरा दिवसांचं वर्णन पुन्हा वाचा. ठेवलं, घेतली, दिला, ठरवलं, घेऊन गेले. सगळी क्रियापदं तुमची आहेत. तिची दोनच आहेत: आली आणि गेली. मधल्या अकरा दिवसांत तिने स्वतः काय ठरवलं, याचा पत्रात एक शब्दही नाही.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. हीच चूक मी केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्या बाईने मोजली आहे.

नव्वदच्या दशकात मी शहरातल्या एका समुपदेशन केंद्रात बसायचे. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका माणसाची बायको यायची, माझ्याच वयाची. तिसऱ्या खेपेला तिच्या पाठीवरचे डाग बघून माझा तोल गेला. मी तिथल्या तिथे तक्रार लिहून काढली, वाचून दाखवली, पेन तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "बाई, दोन दिवस थांबू या का?" मी म्हणाले, "अजून किती थांबणार?" तिने सही केली. चौथ्या दिवशी तक्रार मागे घेतली आणि ती केंद्रात यायची बंद झाली. चार वर्षांनी सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्डा म्हणतात त्या जत्रेतल्या बांगड्यांच्या स्टॉलपाशी, ती मला भेटली. मनगट वाकडं जोडलं गेलेलं होतं. मी विचारलं, "अगं, तू आली का नाहीस?" खाली बघत म्हणाली, "तुम्ही रागवाल असं वाटलं."

नवऱ्याची भीती तिच्या मनात होतीच, त्यात मी माझ्या रागाची भर घातली. मनगट मोडलं त्या रात्री तिला जायला जागा हवी होती, आणि ती जागा मी माझ्या घाईने घालवून बसले होते. तीसएक वर्षं झाली, ते मनगट मी विसरलेले नाही.

जिच्यावर हात उचलला जातो तिचं सगळ्यात आधी काय हिरावलं जातं, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. काय शिजवायचं, कुणाशी बोलायचं, विड्यांची मजुरी कुठे ठेवायची, यातलं काहीच तिच्या हातात राहत नाही. तिच्या वतीने ठरवायची सगळ्यांना सवय होते आणि तिलाही त्याची सवय होते. मग आपण मायेने का होईना, तेच करायला लागलो की तिच्यासाठी फक्त ठरवणारा माणूस बदलतो. आई आणि मामा आल्यावर ती त्यांच्यामागे निघून गेली याचं मला नवल वाटत नाही. त्या दिवशी ठरवणारे ते होते.

म्हणून पुढच्या वेळी (आणि पुढची वेळ येईल) पहिल्या रात्री जखम, जेवण आणि बाळाचं दूध एवढंच बघा. दुसऱ्या दिवशी तिला विचारा, "तुला काय हवंय?" ती "माहीत नाही" म्हणाली तर तेही उत्तर माना. नुसतं सांगा, "हे रस्ते आहेत, एकेक समजून घेऊ." ठाण्यात जायचं की नाही ते ती ठरवेल. साडी कोणती घ्यायची तेही ती ठरवेल. इतक्या बारक्या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

या रस्त्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण एक रस्ता तुम्ही तिला दाखवलाच नाहीत, आणि मला वाटतं तिला नेमका तोच हवा होता.

तुम्ही तिला थेट पोलीस ठाण्यात नेलंत. तिथे नवऱ्याच्या क्रूरतेबद्दल गुन्हा दाखल होतो. पूर्वीचं कलम 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बऱ्याच बायकांना नवऱ्याला आत टाकायचं नसतं, त्यांना मार थांबवायचा असतो. त्यांच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. त्यात सुरुवात अटकेने होत नाही. दंडाधिकारी आदेश देतात: हिला मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला एवढे पैसे द्यायचे, मूल हिच्याकडे राहील. प्रसंग तातडीचा असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे सगळं तिला नवऱ्याच्या घरात राहूनही मागता येतं. हे फार थोड्या जणींना माहीत असतं. आपल्याकडे एक तर सोसायचं नाहीतर मोडून निघायचं, असे दोनच रस्ते लोकांना दिसतात. हा तिसरा आहे.

त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते तिचं ऐकून घेऊन घरगुती घटनेचा अहवाल एका ठरलेल्या नमुन्यात भरतात आणि तो दंडाधिकाऱ्यांकडे जातो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर. 181 ही महिलांची हेल्पलाईन, आणि जिवावरच बेतलं असेल तर 112. हे तीन आकडे तिला पाठ करायला लावा. मोबाईलमध्ये साठवू नका, मोबाईल नवरा बघतो.

आता घराचं. घरकुलाची ही 10,000 घरांची वसाहत विडी कामगार बायकांच्या लढ्यातून 2006 साली उभी राहिली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यातून एक पेच निघतो. विडी कामगाराचं कार्ड सासूचं, घर सासूच्या नावावर, आणि सुनेला ऐकवलं जातं, "घर माझं आहे, चालती हो." कायदा असं म्हणत नाही. लग्नाच्या नात्याने ती ज्या घरात राहिली तिथे राहायचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा त्यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केलं. तिला बाहेर काढायचं तर कायद्याच्या रीतसर मार्गानेच, धक्के मारून नाही. सासूला मात्र या कायद्याखाली घराबाहेर काढता येत नाही, हेही तिला खरंखरं सांगा. अर्धवट सांगितलेला कायदा नंतर अंगाशी येतो.

बैठकीत नवऱ्याने लिहून दिलेला तो कागद कुठे आहे? "परत हात उचलणार नाही" असं लिहिणाऱ्याने आधी हात उचलला होता, हे त्याने स्वतःच सहीनिशी कबूल केलेलं आहे. मामांना तो समझोता वाटला असेल, पण उद्या दंडाधिकाऱ्यांसमोर तोच कागद तिच्या बाजूने ठेवता येईल. त्याची एक झेरॉक्स तिच्या आईकडून मिळवा. आईशी भांडून नव्हे. आईने तिला परत पाठवलं याचा तुम्हाला राग आहे, तो मला पत्रातून जाणवतो. पण त्या आईलाही कुणीतरी असंच परत पाठवलेलं असेल. तिच्याकडे एकदा नुसत्या चहाला जा.

त्या पोरीला नीट निघायचं ठरवावंसं वाटलं तर घाईत निघू देऊ नका. बाई निघते तो काळ आणि त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, कारण ती आपल्या मुठीतून सुटली हे नवऱ्याला तेव्हाच कळतं. आधार कार्ड, बाळाचा जन्म दाखला, रेशनकार्डाची प्रत, पासबुक, केसपेपर यांच्या झेरॉक्स तिच्या घरात न ठेवता दुसरीकडे ठेवा. तुमच्याकडेही नको, तो तुमच्या दारात येऊन गेलाय. एखादी खूण ठरवा. माझ्या ओळखीच्या एका बाईने गच्चीवर वाळत घातलेल्या लाल टॉवेलची खूण ठरवली होती. टॉवेलसाठीच ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात टॉवेलकडे कोण बघतंय!

आणि पुन्हा कुणालाही अकरा दिवस स्वतःच्या घरात ठेवू नका. तुमचं मन मोठं आहे, पण दार नवऱ्याला माहीत असलेलं, घरात दोन मुलं, आणि सगळी जबाबदारी तुमच्या एकटीच्या डोक्यावर. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन एका जागी मिळतं आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येतं. त्यापुढची सोय शक्ती सदनात, म्हणजे बायकांच्या सरकारी निवाऱ्यात होऊ शकते. 181 वर फोन केला की ते जोडून देतात. सरकारी जागा म्हणून नाक मुरडू नका. एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघून या, तिथल्या बाईंशी ओळख करून घ्या. ओळख असली की रात्री अकराला फोन उचलला जातो.

त्या माणसाने दिलेल्या धमकीची ठाण्यात नोंद करा. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तर एनसी, तारीख-वेळ कागदावर येऊ द्या. शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा. तो पुन्हा आला तर दार उघडून समजूत घालत बसू नका, सरळ 112 लावा. तुम्ही त्याचं घर फोडलं नाहीत, आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं वाटायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. या कायद्याचं चौथं कलमच ते आहे. फक्त जीव धोक्यात नसताना तिला न विचारता ते वापरू नका. का, ते वर लिहिलंच आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षांचं पोर पांघरुणातून सगळं ऐकत असतं, बघत असतं. त्याने काय बघितलं ते तुम्ही त्याला कधी विचारलंत का? पुष्कळ आया विचारत नाहीत. आपण सुटलो, आता ती आठवण कशाला, असं वाटतं. पण परवा एक दारुडा तुमच्या दारात उभा राहून ओरडला, तेव्हा तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचा बापच उभा राहिला असणार. "हे सगळं बंद कर" असं तो म्हणतो ते बायकांच्या दुःखाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. आईला पुन्हा कुणी मारेल, आणि आपण पुन्हा काही करू शकणार नाही, हे त्याला सहन होत नाही. त्याला उलट उत्तर देऊ नका आणि "तुला कळत नाही" असंही म्हणू नका. दोन्ही मुलांना एका रविवारी समोर बसवा. सांगा, "मी घाबरले होते, तुम्हीही घाबरला असाल." मग घराचे नियम तिघांनी मिळून ठरवा. घरी कुणाला रात्री ठेवायचं नाही, बायकांना भेटायचं ते बाहेर किंवा संध्याकाळी अमुक वेळेत, दारात कुणी आलं तर कुणी फोन लावायचा. सतराव्या वर्षी मुलाला घराचा राखणदार व्हावंसं वाटतं. त्याला मारामारीला उभं करू नका, पण फोन लावायचं काम त्याच्याकडे द्या.

आणि तुमच्या रात्री. मोटरसायकलच्या आवाजाने उठून बसता म्हणजे तुम्ही कच्च्या आहात असं नाही. आठ वर्षांपूर्वी तोच आवाज आला की पुढे काय होणार हे तुमच्या शरीराने शिकून ठेवलं होतं. त्या पोरीच्या गळ्यावरचे वळ बघून आणि दारातली धमकी ऐकून ते जुनं शिकलेलं जागं झालं. दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या, स्वतः त्यातून गेलेल्या बायकांना हे होतं, आणि उपचाराने ते कमी होतं. 14416 या टेलिमानस नंबरवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनवर फुकट बोलता येतं, मराठीतही. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. बायकांना तुम्ही हात धरून तिथे नेता. एकदा कुणालातरी तुमचा हात धरू द्या.

राहिली संस्था. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, आत्ता संस्था नको. नोंदणी, हिशेब, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या खेपा यात तुमचं वर्ष जाईल आणि गल्लीतल्या बायका तशाच राहतील. त्याआधी तुमच्यासारख्या तिघीचौघी गोळा करा. एकटीने केलेलं हे काम माणसाला पोखरतं, तुम्ही त्याचा अनुभव घेताच आहात. चौघी असल्या की एकीने ठाण्यात जायचं, एकीने पोरं सांभाळायची, आणि एकीने तुम्हाला विचारायचं, "अक्का, तू जेवलीस का?" जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतं. तिथे चौकशी करा. ओळखपत्र गळ्यात असलं की ठाण्यातला माणूस खुर्ची देतो, हा माझा अनुभव आहे.

कुणाचे फोटो, जखमा, तक्रारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, मदत मागायलासुद्धा. सांगितलेली गोष्ट त्या बाईची आहे.

कामाबद्दल एक. तुमच्या कारखान्यात तिला लावायचा विचार चांगला होता. पण घरकुलातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कमावतायत आणि मारही खातायत. नुसती मजुरी बाईला वाचवत नाही, ती कुणाच्या हातात पडते ते बघावं लागतं. मजुरी काढून घेणं, खर्चाला न देणं यालाही कायदा हिंसाच म्हणतो. लाडकी बहिणीचे 1,500 रुपये तिला मिळत असतील तर पासबुक आणि एटीएम कुणाकडे आहे, ते कधीतरी सहज विचारा. निराळ्या बँकेत तिचं एकटीचं खातं, एखाद्या बचत गटात तिचं नाव, तिथपासून सुरुवात होते. शिवण, शेंगा चटणी, कडक भाकरी यांवर सोलापुरात कितीतरी बायकांनी घर उभं केलंय. बायकांना काम शिकवणाऱ्या उद्योगवर्धिनी संस्थेसारख्या ठिकाणी जाऊन बघा, तुम्हालाही शिकायला मिळेल.

आणि उद्या पाणी आल्यावर नळावर ती दिसली, तर तिला काही विचारू नका. कशी आहेस, त्याने परत मारलं का, माझ्याशी का बोलत नाहीस, यातलं काहीही नको. बाजूला सासू उभी असेल. फक्त बाळाचं नाव घ्या. तुमच्या घरी होतं तेव्हा त्याला दात आले नसतील तर आता आले असतील, तेवढंच विचारा. तिने उत्तर दिलं नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारा. तुम्ही रागावलेल्या नाही, हे तिला कळायला थोडे दिवस लागतील.

त्या कागदाची झेरॉक्स मिळाली की मला कळवा. आणि रविवारी मुलं काय म्हणाली, तेही लिहा.